ऐंशी टक्क्यांची शिस्त

दि. ४ मार्च, बुधवार. सकाळी ७. चार्ज ७१ टक्के.
तळघरात लोंबणाऱ्या वायरींबाबत सोसायटीकडे दिलेल्या माझ्या लेखी तक्रारीस यश आले. सेक्रेटरींनी तेथील चार्जिंगच बंद केले. इतकी अपेक्षा नव्हती. तरी समाधान आहे. सूनबाई संपदा म्हणाली, बाबा, आता आपली गाडी कुठे चार्ज करायची? मार्केटमधील रेस्टॉरंटबाहेर चार्जर आहे, जबाबदारी माझी, असे सांगितले. सोमवारी नात अबोलीची प्रवेश परीक्षा. ग्रेटर नोएडा, गेट नऊला बंद. गुरुग्रामहून अडुसष्ट किलोमीटर. मी मंत्रालयाची स्टाफ कार चौतीस वर्षे चालवली. चौथी पास माणसाच्या लॉगबुकात विलंबाचा रकाना अखेरपर्यंत कोरा होता.

दि. ५, गुरुवार. दुपारी १.१५. चार्ज ५८.
चार्जरवर पांढरी गाडी. चार्ज शंभर, मालकीण आत जेवत. गार्डकरवी निरोप धाडला. मिसेस खुराना नावाच्या बाई तोंडात घास घेऊनच बाहेर आल्या. म्हणाल्या, अंकलजी, भटूरा तो ख़त्म करने दो. मी त्यांना शिष्टाचार समजावून दिला. त्या म्हणाल्या, आपको तो ट्रैफिक पुलिस में होना चाहिए था. योग्यता ओळखणारी माणसे अजून आहेत. समजावण्यात पाऊण तास गेल्याने गाडी लावणे राहिले.

दि. ६, शुक्रवार. चार्ज ४९.
स्वहस्ते हिंदीत नियमावली लिहिली. एक: आत बसून खाणाऱ्यासच चार्जिंग. दोन: खाणे संपताच गाडी हलवावी. तीन: ऐंशी टक्क्यांवर गाडीतून चार्जरची गन काढावी. मॅनेजर राघव यांनी कागद लगेच चार्जरवर चिकटवला. बहुत बढ़िया, सर, म्हणाले. मला सर म्हणाले, हे नोंदवून ठेवतो.

दि. ७, शनिवार. चार्ज ३३.
नियमपालन पाहण्यासाठी गाडीने चार फेऱ्या. पालन उत्तम. संपदा म्हणाली, बाबा, आजच लावून टाका ना. आयत्या वेळचा चार्ज ताजा असतो, हे तिला ठाऊक नाही.

दि. ८, रविवार. सायं. ७.४०. चार्ज १७.
गन लावली. गाडीत बसून आहे. पत्नी चंद्रप्रभाने पोळी-भाजीचा डबा दिला आहे.

रात्री ८.१५. चार्ज २१.
राघव आले. सर, आपकी टेबल कौन सी है? म्हटले, ड्रायव्हर गाडी सोडत नाही आणि साहेबांच्या पंक्तीला बसत नाही. त्यांनी नम्रपणे माझाच पहिला नियम मला वाचून दाखवला. मग हळूच म्हणाले, अंदर बैठकर एक चाय पी लीजिए सर, बात ख़त्म. चौतीस वर्षे गाडीत जेवलो. आता एका चहासाठी आत जाणार नाही. गन काढली गेली. पुढचा नंबर मिसेस खुराना यांचा. त्या म्हणाल्या, अंकलजी, आप लगे रहिए, मैं रुक जाती हूँ. उपकार घेतले नाहीत.
चंद्रप्रभा म्हणाली, पोरीसाठी कॅब सांगा. मी म्हटले, ज्यांच्याकडे ड्रायव्हर नाही, त्यांनी कॅब सांगावी.

दि. ९, सोमवार. सकाळी ६.३०. चार्ज २१.
निघतो. एसी बंद, वेग चाळीस. हिशेबाने पुरते.

सकाळी ८.२५. चार्ज २.
सात किलोमीटर बाकी. दिल्लीपासून अबोली फक्त आकड्याकडे पाहत होती. नऊवर आला तेव्हा म्हणाली, आजोबा, प्लीज, थांबवा ना कुठेतरी. पाचवर रडू लागली. एका रेस्टॉरंटच्या चार्जरपाशी गाडी कशीबशी पोहोचवली. ती उतरून धावली. ऑटो मिळाली असावी. पाण्याची बाटली सीटवर राहिली आहे.
चार्जरवर पाटी: सिर्फ़ ग्राहकों के लिए.

सकाळी ८.४०.
गन लावून आत आलो. वेटरने विचारले, सर, कितने लोग? एक, असे सांगितले. टेबल खिडकीपाशी दिले. चहा मागवला. खिडकीतून गाडी दिसते.

दुपारी १२.२०. चार्ज १००.
अबोलीचा फोन. नऊ वाजून सहा मिनिटांनी पोहोचली. गार्डच्या हातापाया पडल्यावर आत सोडले. पेपर बरा गेला. विलंबाच्या रकान्यात प्रथमच लिहिले: सहा मिनिटे. कारण लिहिण्यास जागा अपुरी आहे.
तिला सांगितले, गाडी पूर्ण भरली आहे, गेटवर येतो. म्हणाली, नको आजोबा, मी मेट्रोने जाते. तुम्ही निघा.
बाहेर दोन गाड्या थांबल्या आहेत. एकाने काचेतून माझ्याकडे पाहून घड्याळ दाखवले.
मी आणखी एक चहा सांगितला.