कणसूर म्हणालो, त्याबद्दल

अण्णा, काल संध्याकाळी तुमच्या गाण्यातल्या जोडीदाराला, काकांना, मी सगळ्या भजनी मंडळासमोर कणसूर म्हणालो. शब्द अचूक होता, हे आधी सांगतो. बेसूर म्हणजे सूर पार चुकलेला. कणसूर म्हणजे सूर सापडलेला, पण कणभर खाली राहिलेला. हा फरक मला कुणी शिकवला नाही, बाप असून तुम्हीही नाही. लातूरला नोकरी करत, रेडिओपुढे पेटी घेऊन बसून तो मी स्वतः कानात उतरवला. तुम्ही गेल्यापासून मंडळाची पेटी माझ्याकडे आहे. आज उदगीरला स्पर्धा. काकांनी पुढे बसून गायचं की मागे बसून टाळ धरायचा, यावर काल मंदिरात दोन तट पडले. पोरं म्हणाली, "भाऊ, जाणकार तुम्ही. तुम्ही म्हणाल ते फायनल." काका माझ्याकडे बघत राहिलेले. मी त्यांना अभंगातली ती वरच्या सुरातली ओळ परत म्हणायला लावली, पेटीवर वरचा सा दाबून धरला आणि म्हणालो, "काका, बेसूर नाही. कणसूर होतंय."

काका म्हणाले, "लातूरला राहून लई बारीक कान केलास की रे. मग पेटीच उतरव कणभर." पोरं हसली. मी म्हणालो, पेटी अशी उतरत नसते. "ठाव हाय मला. तुझा बाप असा सूर दाबून बसत नव्हता. त्या ओळीला पेटीवरचा हात काढून घ्यायचा, नुसते टाळ-मृदंग चालायचे. दाढी पिकायच्या आधीपासून मी तिथं कमीच पडत आलो. त्यानं कुणाला कळू दिलं न्हाई."

इतकी वर्षं तुमच्या शेजारी बसलो मी. त्या ओळीला तुम्ही उपरण्यानं तोंड पुसायचा. मला वाटायचं, अण्णांना घाम फार येतो.

सकाळी पोरांना फोन करून सांगितलं, काका पुढेच बसतील. शब्द मात्र मागे घेतला नाही, घेणारही नाही. अकराला जीप येईल. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही म्हणूनच लिहितो, उठल्यापासून ती ओळ वाजवून बघतोय. जागा आली की हात उचलायचा, एवढंच आहे. दर वेळी बोट वरच्या 'सा'वरच जाऊन बसतंय.