विहिरीजवळच्या गवताचं तेल

सूनबाई,

तुझं लग्न झालं त्या वर्षी तुझ्या सासूने विहिरीजवळ गवती चहा लावला. काल तू फरशी पुसायच्या पाण्यात ओतलंस ते तिने काढलेलं शेवटचं तेल. ते काढलं तेव्हा तू माहेरी होतीस, तुला कसं ठाऊक असणार? मी उगाच ताटावरून उठलो. नंतर घरभर तिच्या हातांचा वास सुटला, तेव्हा बरं वाटलं. हे सांगायला जीभ रेटेना, म्हणून तू शिकवलेली अक्षरं कामाला लावली.

गवत कापायला जातोय. बुडाशी चार बोटं ठेवतो, म्हणजे पुन्हा फुटेल. सावलीत सुकलं की उद्या दोघं मिळून भट्टी लावू. बाटली धुऊ नकोस, नवं तेल तिच्यातच भरू. गेल्या वर्षी ती बाटली भरली, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तुझी सासू गेली.