दुसऱ्याच्या खात्याची बाजू

प्रिय ठमे,

मागच्या खोलीला कुठला रंग द्यायचा, हे तू आत्तापर्यंत तीनदा विचारलंस आणि तिन्ही वेळा मी थंडी, गुडघे आणि शेजारणीचं मांजर यांच्यावर गप्पा मारून फोन ठेवला. तू चिडली असशील. जावईबापूंनी रंगाऱ्याला परत पाठवलं म्हणे. म्हणून आज सगळं सविस्तर लिहायला बसले आहे. फोनवर सांगायला गेले असते तर तू मध्ये बोलली असतीस, आणि तू मध्ये बोललीस की माझं बोलणं संपलंच. पत्राला कोणी मध्ये तोडू शकत नाही, हा त्याचा मोठा गुण. चहाचा कप शेजारी आहे, आज ग्रंथालयाला सुट्टी आहे (ही सुट्टी नवीनच, का ते पुढे येईल), तेव्हा तूही जरा बूड टेकवून वाच.

आपलं ठरलं होतं ते असं, की ग्रंथालय बंद झालं तर मी बाबांच्या मागे एकटीने सांभाळलेलं इथलं घर आवरून कायमची तुझ्याकडे यायचं. नगरपालिकेला वरून येणारं अनुदान यंदा तिसऱ्या हिश्शाने कापलं गेलं हे कळलं, तेव्हाच तू म्हणालीस की आई, पहिला नंबर तुझा. मलाही तसंच वाटत होतं. गटार तुंबलं तर लोक नगरपालिका डोक्यावर घेतात. पुस्तकं बिचारी कपाटात गप्प उभी असतात, त्यांच्या नावाने मोर्चा काढायला कोण येणार? मी मनातल्या मनात भांडी वाटून टाकली होती. मोठी कढई शेजारणीला, शिवणयंत्र तुझ्या मावशीला. तुझ्याकडे येण्याचं दुःख नव्हतं गं, पण रोज सकाळी ते जड दार उघडलं की आतून जो कागदाचा वास येतो, तो आता आपल्याला घ्यायला मिळणार नाही, या विचाराने मला रडू यायचं. तुला सांगितलं नाही, कारण तू लगेच तिकीट काढलं असतंस.

आणि मग आमच्या अध्यक्षबाईंनी डोकं चालवलं. तुझ्याच मुख्याध्यापिका त्या, तुला काय सांगायचं! शाळेत दोघी भांडल्या, की त्या प्रत्येकीला दुसरीची बाजू मांडायला लावायच्या. तू त्या वेणीवाल्या मुलीशी मारामारी केलीस आणि मग सगळ्या वर्गासमोर तुला तिची बाजू मांडावी लागली, ते आठवतं? घरी येऊन ओक्साबोक्शी रडलीस. मी विचारलं, एवढं काय झालं, तर म्हणालीस, "आई, बोलता बोलता मला कळलं की तिचंच बरोबर होतं." ते मी अजून विसरलेले नाही. तर निवडून आल्यावरही बाईंची ती खोड गेलेली नाही. अंदाजपत्रकाच्या पहिल्याच बैठकीत त्यांनी जाहीर करून टाकलं, की दरवर्षी प्रत्येक खातेप्रमुख आपलं रडगाणं गातो आणि निम्मं कापतील म्हणून दुप्पट मागतो, ते यंदा बंद. यंदा जोड्या लावायच्या, दोन आठवडे एकमेकांच्या खात्यात जाऊन बसायचं, आणि सभेत जोडीदाराच्या खात्याची बाजू मांडायची. स्वतःच्या खात्याविषयी मात्र अवाक्षर काढायचं नाही. शिपायाच्या जेवणाच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. बागांचा माणूस करवसुलीच्या वाट्याला गेला, पाणीवाला दिवाबत्तीच्या. माझ्या चिठ्ठीवर निघाले रस्ते.

हो, म्हणजे रस्तेखात्याचे आपले खड्डेसाहेबच. आता नाक मुरडू नकोस. खड्ड्यामुळे सायकलवरून पडून तुझ्या पुढच्या दाताचा टवका उडाला तेव्हापासून तू त्या माणसाला जी नावं ठेवतेस, ती सगळी मला पाठ आहेत. मी स्वतः काही कमी बोललेली नाही. माझ्या ग्रंथालयाचं भवितव्य त्या माणसाच्या तोंडी जाणार म्हटल्यावर माझ्या तोंडचं पाणी पळालं. कॉलेज सुटल्यापासून ज्याने पुस्तकाला हात लावला नाही, तो आमची बाजू काय मांडणार, कपाळ!

पहिल्या दिवशी साहेब आले ते चिखलाच्या बुटांनी. मी काही बोलायच्या आत त्यांनी बूट दाराशी काढले आणि मोज्यांवर आत आले. एका मोज्याला भोक होतं. मग हातात ते टिकटिक करणारं मोजणीयंत्र घेऊन दाराशी खुर्ची टाकून बसले. रस्ता रुंद करायचा की नाही हे ठरवण्याआधी ते चौकात उभं राहून गाड्या मोजतात, तसंच त्यांनी माझ्या दारातली माणसं मोजायला घेतली! त्यांना रहदारी मोजल्याशिवाय काही समजतच नाही. वर वर्गवारीही केली. वर्तमानपत्र चाळून जाणारे म्हणजे हलकी वाहनं. तीनाहून जास्त पुस्तकं नेणारे म्हणजे जड वाहनं. आणि आपले ते निवृत्त ड्रायव्हरकाका, जे रोज दुपारी भूगोलाच्या कपाटापाशी घोरतात, त्यांच्यापुढे त्यांनी लिहिलं, "कायमचं पार्किंग". मी हसून हसून टेबलाला धरून उभी राहिले. इतकी मी कधी हसले होते, ते मला आठवेना.

मीही त्यांच्या खात्यात गेले. हेल्मेट घालून डांबराच्या वासात उभी राहिले. तिथे मला एक गोष्ट खटकली. हे लोक रस्ता छान गुळगुळीत करतात, आणि डांबराचा वास जायच्या आत कधी फोनवाले, कधी गॅसवाले, कधी आमचेच पाणीवाले येऊन तो खणतात, आणि जाताना वर चार घमेली माती लोटून पसार होतात. लोक शिव्या घालतात खड्डेसाहेबांना. मी म्हटलं, अहो, हे तर माझ्याकडच्यासारखंच झालं. पुस्तक नेलं, पानं फाडली आणि उशिरा परत केलं. मग मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. प्रत्येक रस्त्याचं एक कार्ड केलं. कोणी उघडला, कधी परत करणार, कुठल्या अवस्थेत परत केला. आणि मुदतीत नीट परत केला नाही, तर रोजचा उशीर-दंड. खड्डेसाहेबांनी ती कार्डं एकेक करून उलटून पाहिली. मग म्हणाले, "बाई, इतकी वर्षं मी हे भांडून मागतोय. तुम्ही तर नुसतं कार्ड करून मोकळ्या झालात." मला फार बरं वाटलं. या वयात कोणी आपल्या कामाचं कौतुक केलं की गाल गरम होतात, हे मला नव्याने कळलं.

त्या दोन आठवड्यांतली आणखी एक गोष्ट. एका दुपारी ते म्हणाले, "बाजू मांडायची तर एखादं पुस्तक वाचायला हवं. मला असं द्या, ज्यात कोणी मरत नाही." त्यांची बायको फार लवकर गेली, हे गावाला माहीत आहे, मलाही होतं. पण ते असं समोर आल्यावर मी सरळ उठून कपाटं शोधायला लागले. आणि ठमे, तू करून बघ, इतकी अवघड गोष्ट दुसरी नाही! कादंबऱ्यांत कोणी ना कोणी जातंच. प्रवासवर्णन उघडलं तर वाटाडा दरीत. शेवटी लहान मुलांच्या कपाटातलं वाट चुकलेल्या बदकाचं पुस्तक त्यांच्या हाती ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते परत देताना म्हणाले, छान होतं, पण तळ्यापाशी कोल्हा आला तेव्हा मी पुस्तक मिटून आधी एक फेरी मारून आलो.

आता सभेचं ऐक. आधी माझा नंबर होता. मी रस्त्यांची बाजू अशी काही मांडली, की बाकांवरचे सदस्य ताठ बसले. रुग्णवाहिका कुठे अडते, म्हातारी माणसं कुठे पडतात, सगळं सांगितलं. तुझा दातही सांगितला. बोलता बोलता मला इतका चेव चढला, की एका सदस्याने तिरकस विचारलं, "मग हे पैसे ग्रंथालयातून काढू का?" आणि मी टेबलावर हात आपटून म्हणाले, "काढा!"

जे वाचवण्यासाठी महिनाभर जीव टांगणीला लागला होता, ते मीच माझ्या तोंडाने देऊन बसले होते. आणि तेवढ्यात मागून खुर्ची करकरली. खड्डेसाहेब उठले होते, लालबुंद झाले होते. "अध्यक्षबाई, माझी हरकत आहे! यांना ग्रंथालयाविषयी बोलायला मनाई आहे. आणि त्यांना त्यातलं काही कळतही नाही!"

आधी एक जण हसला, मग सगळं सभागृह. अध्यक्षबाई डोळे पुसत होत्या. पण साहेब काही हसत नव्हते. त्यांनी आपली रहदारीची मोजणी वाचायला घेतली. हलकी वाहनं, जड वाहनं, संध्याकाळची कोंडी. आपल्या गावच्या कुठल्याही गल्लीपेक्षा या दारात जास्त वर्दळ आहे, आणि अशा रस्त्याला कुणी कुलूप लावत नाही, असं ते म्हणाले. मग कागद मिटून म्हणाले, की परीक्षेचा अभ्यास करायला घरात कोपरा नसलेली मुलं तिथे येतात, आणि घरात नुसते कोपरेच उरलेत अशी माणसंही येतात, आणि मी त्या दुसऱ्या प्रकारातला आहे, हे मला तिथे बसल्यावर कळलं. कोणी हसलं नाही. मला तर समोरचं काही दिसेना.

रस्तेखात्याचं कार्यालय भाड्याच्या जागेत आहे. ते उचलून ग्रंथालयाच्या रिकाम्या वरच्या मजल्यावर आणायचं, आणि वाचलेल्या भाड्यातून ग्रंथालय चालू ठेवायचं, ही सूचनाही त्यांचीच. माझा उशीर-दंडही मंजूर झाला. सगळं काही गोड झालं असं नाही. नवीन पुस्तकांची खरेदी निम्म्यावर आली, आठवड्याची एक सुट्टी वाढली, आणि वाड्यावस्त्यांवर जाणारी आपली पुस्तकांची गाडी बंद झाली, ते मला फार लागलं. बागेतलं कारंजंही आता बंदच राहील. पण दार उघडं आहे, ठमे! मी रोज सकाळी ते उघडते आणि वेड्यासारखी हसते. वर बुटांचा आवाज सुरू झाला की ड्रायव्हरकाका एक डोळा उघडतात आणि पुन्हा मिटतात.

म्हणजे मी कायमची तुझ्याकडे येत नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. पण एवढ्यासाठी कोणी इतकं लांबलचक पत्र लिहीत नाही, हेही तुझ्या लक्षात आलं असेल. ऐक. चहाच्या वेळी साहेब रोज खाली येतात. मागच्या आठवड्यात आले ते कप तसाच ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "आपल्या वयात शेवटी कोणीतरी आधी जाणार, हे मला माहीत आहे. तरी चालेल. तुम्ही हो म्हणाल का?" बदकाच्या गोष्टीत कोल्हा आला तरी उठून जाणारा माणूस गं तो. मी हो म्हणाले. आता तू रागावणार, म्हणून आपल्या अध्यक्षबाईंच्या नियमाप्रमाणे तुझी बाजू मीच मांडते. लोक हसतील. आईला या वयात हे काय सुचलं. बाबांच्या खुर्चीत दुसरं कोणी बसलेलं मला बघवणार नाही. मी एवढ्या हौसेने खोली तयार करतेय आणि ही तिकडे लग्न ठरवून बसली. वर माणूस कोण, तर माझा दात पाडणारा! ठमे, मी हे सगळं मनापासून मांडलं, काही हातचं राखलं नाही, आणि मांडताना तुझ्यासाठी रडलेही. बाबांची खुर्ची जिथे आहे तिथेच राहील. साहेब स्वतःची घेऊन येणार आहेत, त्यांनीच तसं सांगितलं. आता नियमाप्रमाणे तू माझी बाजू मांड. एक पानभर लिही, जीव ओतून, त्या वेणीवालीची मांडली होतीस तशी. ते पान आल्याशिवाय आम्ही तारीख ठरवणार नाही. आणि सुट्टीत आम्ही येऊच, तेव्हा खोलीचं काम थांबवू नकोस. रंग तुला आवडेल तो दे, पलंग मात्र दोघांचा घे.

तुझं पान येईपर्यंत टपालवाल्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
आई