न्हाणीतला पाट

आई, तुझा न्हाणीतला पाट हल्ली माझ्या गाडीच्या डिकीत असतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, "अगं बया, न्हाणीतली वस्तू गाडीत कशाला फिरवतीस?" तेच सांगायला लिहायला बसले आहे.

न्हाणीचं ते दार आठवतं ना? बाबांनी देहूरोडच्या लष्करी डेपोतून लिलावातल्या खोक्यांच्या फळ्या आणून ठोकलेलं. पावसाळ्यात ते फुगायचं, लागायचं नाही, आणि खालून पांढरी बुरशी धरायची. दिवाळीपर्यंत वीतभर फळी भुसभुशीत होऊन गळून पडायची. बाबा घरातल्या सगळ्या दारांना गाड्यांचं जळकं ऑइल चोपडायचे, त्यानं ती टिकली. या दाराला मात्र तू लावू दिलं नाहीस, कारण लुगड्याला काळे डाग पडायचे आणि विहिरीवर बायका हसायच्या. मग ते कुजत राहिलं आणि तू खाली गोणपाट ठोकत राहिलीस. पलीकडूनच शेताची पायवाट. माणसं उठायच्या आत तू अंघोळ उरकायचीस, उशीर झालाच तर लुगडं अंगावर ठेवूनच दोन तांबे ओतून घ्यायचीस. मी आत असले की तू बाहेर उभी, आणि कुणी आलं की खोकायचीस. तू आत असताना मी कितीदा उभी राहिले? आठवत नाही. म्हणजे नसेनच राहिले.

लाकडाच्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा नमुन्याचा एक जाड तुकडा मी तुला मोठ्या ऐटीत आणून दिला, पाट म्हणून. तू आधी नाकाला लावलास. "आंबलंय गं हे. नासकं लाकूड दिलं का तुला?" मग माझं व्याख्यान सुरू झालं. लाकडाच्या आत पाणी धरून ठेवणाऱ्या बारीक बारीक जागा असतात, सिरक्याच्या, म्हणजे व्हिनेगरच्या जातीचं एक रसायन पार आतपर्यंत मुरवून त्या जागा अडवून टाकतात, म्हणून तो आंबूस वास. पाण्याला बसायला जागाच नाही, तर लाकूड फुगत नाही, आणि ओल नाही तिथं बुरशीचं काही चालत नाही. विषसुद्धा घालावं लागत नाही.

"म्हंजी ऑइल न्हाई लावायचं?"

"नाही."

"डाग न्हाई पडत लुगड्याला?"

"नाही गं."

तू फळीवरून हात फिरवत राहिलीस. मग हळूच म्हणालीस, "ह्याचं दार व्हईल का न्हाणीला?"

मी हसले, आई. खो खो हसले. "अगं, हे परदेशातून येतं, तुंगार्लीच्या बंगलेवाल्यांना परवडतं. न्हाणीला कुणी लावतं का!" तूही हसलीस. "व्हय, ते बी खरंच." पुन्हा कधी विषय काढला नाहीस. तू लाकूड मागतच नव्हतीस, आडोसा मागत होतीस, एवढंही मला कळू नये? साधं पत्र्याचं दार लावून दिलं असतं तरी झालं असतं. तेही सुचलं नाही मला, जळ्ळं माझं शिक्षण. शेवटपर्यंत तू त्या गोणपाटामागेच अंघोळ केलीस.

तू गेल्यावर घर आवरताना दार ओढलं तर बिजागरीसकट हातात आलं. पाट मात्र जसाच्या तसा. इतकी वर्षं पाण्यात राहून नख रुतेना. तो मी उचलला, आणि मला वाटलंही होतं की आठवण म्हणून उचलतेय.

परवा तळ्याकाठच्या एका बंगल्यात गेले होते. बाईंना पोहण्याच्या टाकीभोवती फळ्या घालायच्या आहेत. मी पाट काढला, नख रुतत नाही ते दाखवलं. त्यांनी हात फिरवला, अगदी तुझ्यासारखा. "इतकी वर्षं पाण्यात? कुठे ठेवला होता हो?" मी म्हटलं, "आमच्या चाचणी केंद्रात." तोंडातून सहज गेलं, कारण दर वेळी हेच सांगते. बाईंनी जागच्या जागी होकार दिला.

हे पत्र कुठे टाकायचं ते माहीत नाही, डिकीत पाटाखालीच राहील. एक गोष्ट तेवढी सांगते. तू बसून बसून पाटाची एक बाजू गुळगुळीत झाली आहे. गिऱ्हाइकाला दाखवताना ती बाजू मी खाली धरते.