मुठीतलं मीठ

बाळकुम, रविवार संध्याकाळ, १९९५

नात येऊन बसली तशी आधी टपकली ती शेजारची हिरा. मागायला आली कोकम, पण नजर सगळी माझ्या नातीच्या डबीवर. "म्हातारे, नातीनं सोनं आणलं काय गं?" सोनंच म्हणायचं. शुभा कॉलेजात शोधाचं काम करते, ते दाखवायला नवऱ्याला घेऊन मुद्दाम आली. काळीज सुपाएवढं झालं माझं.

डबीत नखाएवढी काच, तिच्यात केसासारखा चर, चरात पाणी, दोन्ही कडेला तारा. वीज सोडली की रक्तातले आजारी कण एका बाजूला सरकतात. पण विजेचा जोर फार लागतो. पाणी तापतं, कण मरतात. तिचे कॉलेजातले साहेब म्हणाले, दिवाळीपर्यंत जोर कमी कर, नाहीतर काम बंद. तारा अजून जवळ आणल्या तर थोड्या विजेत भागेल म्हणते शुभा. पोरगी वाळलीय नुसती.

हिरा गेल्यावर मी दृष्ट काढायला मीठ-मोहरी मुठीत घेतली. शुभानं डबी छातीशीच धरली. "आजी, मीठ नको गं. कण जरी पाण्यात पडला तरी वीज जास्त वाहील, पाणी आणखी तापेल." नातजावई हसला. मला नाही हसू आलं. आम्ही खाडीची माणसं, मिठाशिवाय दृष्ट काढायची कशी? आणि हिराची नजर तर लागलेलीच.

दोघांना घेऊन रिक्षा टेंभी नाक्याकडे गेली तरी मूठ मिटलेलीच होती. न ओवाळलेलं मीठ चुलीत कसं टाकू? पुडीत बांधून ठेवलंय. नारळी पुनवेला येतो म्हणालेत दोघं.