मुक्या शेवटाचा सिनेमा

निर्मळ, ८ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. यमुनाताईस,
हरेश्वरचा सा. न. वि. वि.

गुरुवारी पार्सल आलं. तीन डीव्हीडी आणि बासरीची एक सीडी. जिजाने खोका पाहिला, ओट्यावर ठेवला आणि काही न बोलता निघून गेली. पूर्वी अशा वेळी तासभर ऐकून घ्यावं लागे. हल्ली बाईसाहेब अगदी शांत झाल्या आहेत. साठी उलटल्यावर का होईना, घरात सुख आलं.

तिन्हींतला जॉर्जियाचा सिनेमा पाठवतोय. म्हातारा नावाडी वारतो, एवढीच गोष्ट. शेवटी त्याची बायको रिकाम्या होडीत बसते, तिचे ओठ हलत राहतात आणि दिग्दर्शकाने आवाजच काढून घेतलाय. सहा मिनिटं मुकं दृश्य. हे धाडस तुझ्या मालिकावाल्यांना सात जन्मांत जमायचं नाही.

बासरीच्या बाबतीत मात्र फसलो. वरचे सूर गायबच आहेत. विकणाऱ्याला खरमरीत पत्र लिहितोय. सीडीही पाठवतोय, तू ऐक आणि साक्षीला उभी राहा.

उद्या तुझे चिरंजीव भूपेश केळी न्यायला येतील, त्यांच्या पिशवीत सगळं घालतो. फोन का उचलत नाहीस म्हणून पुन्हा रागावू नकोस. सिनेमाबद्दल फोनवर बोलू नये, कागदावर लिहावं.

मालिकांतून उरेल तेवढा लोभ माझ्यासाठी ठेव.

तुझा,
हरेश्वर

फुलपाडा, विरार (पूर्व), १४ नोव्हेंबर २०२५

चि. हरेश्वरास अनेक आशीर्वाद.

केळी पोचली, गोड निघाली. सिनेमा मी आणि सूनबाई रचनाने मिळून पाहिला. मधे मी दोनदा डुलकी काढली, हे कबूल. पण शेवटी चांगली जागी होते. ती बाई होडीत बसून गाते, हरू. अंगाई गाते, पहिल्यापासून अखेरपर्यंत. रचनाला इतकी आवडली की तिने मागे नेऊन पुन्हा लावली. मग बासरीही लावली. वरचे सूर लख्ख आहेत.

आधी मी पोट धरून हसले. एवढा मोठा जाणकार आणि सहा मिनिटांचं गाणं गिळून बसला. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि हसू गेलं. गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून तू माझा फोन घेत नाहीस. मला वाटत होतं, भाऊ साहित्यिक झाला. तुला ऐकू येत नाही, बाळा. कानाच्या डॉक्टरकडे जा आणि जिजाला सांग. विकणाऱ्याला पत्र टाकलं असशील, तर दुसरं माफीचं टाक.

आशीर्वाद पुष्कळ आहेत, पण डॉक्टरची चिठ्ठी पाहिल्याशिवाय सुटायचे नाहीत.

तुझी,
ताई

निर्मळ, २२ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस सा. न.

इतक्या सुंदर दृश्याची तू माती केलीस. डुलक्या काढणाऱ्या बाईला नेमकी अंगाईच ऐकू यावी, हाही न्यायच म्हणायचा.

मला ठाऊक होतं, पण पुरतं नाही. वर्षभर मी खाली अक्षरं येणारेच सिनेमे मागवतोय, वाचून भागतं. त्या अंगाईला नेमकी अक्षरं नव्हती. बासरी घेतली ती स्वतःची परीक्षा म्हणून, आणि नापास झाल्यावर खापर सीडीवर फोडलं. डॉक्टर म्हणाला की सगळंच जाणार, तर? कपाटभर गाण्यांचं मी काय करू? मला भीती वाटते, ताई.

जिजाला एवढ्यात कळवू नकोस. नवरा बहिरा झाला म्हणून ती मला अख्ख्या निर्मळात मिरवेल.

माया कर, पण गुपचूप.

हरेश्वर

निर्मळ, १३ डिसेंबर २०२५

ती. सौ. वन्संना जिजाचा नमस्कार.

ह्यांनी सांगू नका म्हटलेलं तुम्ही मला लिहून कळवलंत, हे फार बरं केलंत. मी कोणाला काही बोलले नाही. सोमवारी हाताला धरून वसईला डॉक्टरकडे नेलं. गेलं ते परत येणार नाही, उरलेलं सांभाळता येईल, असं ते म्हणाले. आता दोन्ही कानांत मशीन आहे. पहिल्याच दिवशी भांडी हळू घास म्हणून मला हुकूम सुटला.

वन्सं, एक गोष्ट तुम्हालाच लिहिते. दीड वर्ष मी काही विचारलं की हे उत्तर देत नसत, नुसते पडद्याकडे बघत. मला वाटलं, ह्या वयात माझ्यावरून मन उडालं. मग मीही बोलणं सोडून दिलं. हे त्यालाच घरातलं सुख समजत होते, ते तुमच्या पत्रातून कळलं.

काल सकाळी वाडीत जास्वंदीच्या कळ्या खुडत होतो. मी ह्यांच्याकडे पाठ करून, उत्तराची आशा न धरता, आपल्याशीच म्हटलं की यंदा कळ्या कमीच आल्या. मागून हे म्हणाले की नाही, गेल्या वर्षी ह्याहून कमी होत्या.

एवढंच बोलले. मी टोपली खाली ठेवली आणि रडत बसले. हे घाबरून काय झालं ते विचारत राहिले.

रविवारी भूपेशबरोबर तुम्हीच या. लोभ पत्रात मावत नाही.

तुमची,
जिजा