थोड्या दिवसांचे सोबती

२३ जून, रविवार
आजपासून रोजनिशी. आज गावाचं पितळ उघडं पडलं. त्याची नोंद कुठेतरी राहायला हवी आणि इथे नोंदी करण्याची अक्कल माझ्याशिवाय कुणाला नाही.

आरोग्य केंद्राची स्वयंसेविका नोंगयाव हिने जिल्ह्याच्या इस्पितळातून नवी परीक्षा आणली आहे. चटईवर उभं राहायचं, मांडी घालून खाली बसायचं, पुन्हा उठायचं. सुरुवातीला दहा गुण. हात टेकला की एक गेला. गुडघा टेकला, एक गेला. डुललात तर अर्धा. ज्याचे गुण कमी तो लवकर जाण्याचा संभव जास्त. नोंगयाव म्हणाली, घाबरू नका, हा नुसता अंदाज आहे.

अंदाज! तालुका कचेरीत जन्ममृत्यूच्या नोंदी करण्यात माझी हयात गेली. माणूस दारात उभा राहिला की तो आणखी किती ओढणार हे मला कळायचं. सायन्स आज माझ्या मागून धापा टाकत येऊन पोचलं आहे, इतकंच.

मी बाजूला उभा राहून निरीक्षण केलं. कॉफीच्या टपरीचा चम्नान बसताना धप्पकन बसला आणि उठताना आधी हात, मग गुडघे, मग खांब. मी त्याला तोंडावर सांगितलं, बाबा रे, तू थोड्या दिवसांचा सोबती. तर म्हणतो, प्रयोंगदादा, तुम्ही दाखवा ना बसून. मी म्हटलं, पँटला आत्ताच इस्त्री केली आहे. हसायला काय झालं कळलं नाही.

रात्री ८. महत्त्वाचं राहिलंच. विहारात वंदना म्हणवून घेणारा आमचा पुढारी थोंगपुनदादा, वय ऐंशीच्या पुढे, थोरल्या भंतेंना म्हणाला म्हणे, आता थकलो, यंदाच्या पावसाळ्यातल्या वर्षावासाआधी दुसरा माणूस बघा. दुसरा माणूस कोण असणार? गावात शुद्ध पाली उच्चार कोणाचे आहेत?

२४ जून
भंतेंना भेटलो. काही बोलायच्या आत तेच म्हणाले, आषाढी पौर्णिमेला तुम्हीच पुढे बसा प्रयोंग, जमलं तर वर्षावासाचे तिन्ही महिने तुम्हीच. गुणवत्ता लपत नाही.

मग विचारलं, खाली बसता येतं ना? मी बरीच वर्षं विहारात मागच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसतो, त्यावरून विचारलं असावं. म्हटलं, मागून सगळ्यांवर लक्ष राहतं म्हणून बसतो. भंते हसले. साधू माणूस, उगाचच हसत असतात.

हे पद मला हवं आहे. फार हवं आहे. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचणार. नोकरीत असताना लोक बाहेरच्या बाकावर ताटकळायचे आणि मी मान वर केली की हात जोडायचे. निवृत्त झालो आणि दुसऱ्या दिवसापासून मी हवा झालो. टपरीवर चम्नान माझ्यासमोरची खुर्ची उचलून दुसऱ्याला देतो, विचारतसुद्धा नाही.

२५ जून
घरी दार लावून परीक्षा दिली. बसलो. उठताना कपाटाची मूठ धरली. नियमांत हात, कोपर, गुडघा, मांडी एवढंच आहे. कपाटाचा उल्लेख नाही. दहापैकी दहा.

मूठ निघाली. साइबुआ बाहेरून ओरडली, अहो, कपाट पडेल अंगावर. बायकोला माझ्यापेक्षा कपाटाची काळजी.

२८ जून
निश्चय. १) पहाटे उठून व्यायाम. २) मो-केंग पूर्ण बंद. नारळाची, अंड्याची, भरपूर साखरेची ती भाजलेली वडी खाऊनच हा अख्खा पेच्चबुरी जिल्हा फुगला आहे. ३) संताप नाही.

२९ जून
पहाट झाली तेव्हा झोप लागलेली होती. झोपेतून उठणं हृदयाला वाईट. शेजारीण मो-केंग घेऊन आली. नाही म्हटलं असतं तर तिचा अपमान झाला असता. दोन तुकडे. नंतर संताप आला, पण तो स्वतःवर, म्हणून धरायचा नाही.

१ जुलै
नोंगयाव म्हणते एका पायावर उभं राहण्याचीही परीक्षा असते. दात घासताना केली. पाऊल जमिनीवरून उचललं नव्हतं, पण सगळं वजन एकाच पायावर घेतलं होतं. हे बाहेरून दिसत नाही, आतून कळतं.

५ जुलै, अमावस्या
टपरीवर बसून गावाचा आढावा घेतला. लोक विचारतात म्हणून सांगावं लागतं. भातगिरणीवाला, दोन वर्षं. त्याची बायको चालेल, कारण ती बोलते फार, फुप्फुसं मोकळी राहतात. शाळेचा निवृत्त मास्तर खुर्चीतून उठताना हुं करतो. हुं करणारे टिकत नाहीत. सगळे गप्प झाले. ज्ञानाचा दरारा असतो.

मग कोणीतरी थोंगपुनदादाचं विचारलं. मी म्हटलं, ऐंशी पार, काटकुळा, त्यात तंबाखू. पुढचा सोंगक्रान, एप्रिलातलं नवं वर्ष, काही बघत नाही. चम्नान म्हणाला, दादा, तुमची कॉफी पिऊन झाली असेल तर टेबल पुसतो.

७ जुलै
थोंगपुनदादा घरी आला. आपणहून. ताडफळांची कढी घेऊन. साइबुआने चटई घातली, नोंगयाव माझं ब्लडप्रेशर बघायला आलीच होती, सगळे खाली बसून जेवले. मी टेबलावर जेवलो, कारण पंखा तिकडे येतो.

जेवण झाल्यावर थोंगपुनदादा एका हातात स्वतःचा वाडगा, दुसऱ्या हातात नोंगयावचा वाडगा घेऊन टुणकन उठला. कशाला टेकला नाही. थेंब सांडला नाही. नोंगयाव टाळ्या पिटत ओरडली, आजोबा, दहा, पूर्ण दहा! मग तो माझ्याकडे वळून म्हणतो, प्रयोंग, सोंगक्रानपर्यंत आहे ना रे मी? म्हणजे ताडगुळाचा हंगाम गाठतो. ताडं वाया जायला नकोत.

साइबुआ हसून हसून बेजार. मला अजिबात लागलं नाही. परीक्षेतच खोट आहे. त्या माणसाच्या हाडांना वजनच नाही, वाऱ्यानेसुद्धा उठेल. आणि एवढा टुणकन उठणारा माणूस थकला कसा? आतून पोखरलेला असणार. अशांचं एकदम होतं.

१३ जुलै
पुढच्या शनिवारी पौर्णिमा. वंदनेचे पाठ चोख आहेत. नमस्काराची रंगीत तालीम केली. गुडघ्यांवर बसायचं, पंजे, कोपरं आणि कपाळ जमिनीला, असं तीनदा. एकदा केलं. एक जमलं की तीन जमतात, कृती तीच आहे.

साइबुआ म्हणाली, अहो, भंतेंना सांगून पुढे खुर्ची घ्या, कोणी काही म्हणणार नाही. म्हटलं, वेड लागलंय का? सगळं गाव जमिनीवर आणि पुढारी खुर्चीत? भंतेंच्या बरोबरीने उंच बसू? ती म्हणाली, मग निदान थोंगपुनदादांना शेजारी बसू दे. त्या म्हाताऱ्याला शेजारी! मी चिडून दोन तुकडे मो-केंग खाल्लं.

१९ जुलै
उद्या. पांढरा सदरा, पांढरी पँट. इस्त्री मी स्वतः केली, साइबुआच्या घड्या वाकड्या येतात. रोजचा व्यायाम उद्यानंतर नियमित.

२० जुलै, आषाढी पौर्णिमा
पडून लिहितो आहे. अक्षराकडे लक्ष देऊ नये.

सभामंडप खच्चून भरला होता. चौथऱ्यावर भिक्खूंची रांग, त्यांच्यापुढे गावाने आणलेली ताटं, आणि सगळ्यांच्या पुढे एकटा मी. मागे अख्खं गाव माझ्या पाठीकडे बघत होतं. खरं सांगतो, डोळे भरून आले.

पहिला नमस्कार उत्तम. दुसरा उत्तम. तिसऱ्याला कपाळ टेकवलं आणि कमरेत कट्ट झालं. वर यायला गेलो तर येईना.

आता, पुढाऱ्याने डोकं उचलल्याशिवाय मागचे उचलत नाहीत. ही शिस्त आहे आणि ती मला पसंत आहे. त्यामुळे अख्खा मंडप कपाळ टेकून राहिला. आधी शांतता. मग कोणीतरी कुजबुजलं, यंदा भक्ती जोरात आहे. एका पोराने आईला विचारलं, झोपलो तर चालेल का. मी खालून वर यायची खटपट केली, तेवढ्यात अशी कळ आली की मी मोठ्याने कण्हलो, ओऽऽय.

पुढारी म्हणेल ते मागून म्हणायचं असतं. पाली इथे कोणाला कळते? सगळा मंडप एका सुरात म्हणाला, ओऽऽय.

मी घाबरून म्हटलं, नाही नाही. मंडप म्हणाला, नाही नाही.

ऊन चढत होतं. दुपार झाली की भिक्खूंना अन्न चालत नाही, आणि दानाचे शब्द मी म्हणवून घेतल्याशिवाय ताटांना हात लागणार नाही. म्हणजे माझ्या कमरेपायी सगळा संघ उद्या सकाळपर्यंत उपाशी. हे चटईत नाक खुपसून कळत होतं आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. शेवटी कोणीतरी रांगत शेजारी आलं. थोंगपुनदादा. कानाशी विचारलं, प्रयोंग, जिवंत आहेस का? मी म्हटलं, नाही. नशीब, हे मंडपाला ऐकू गेलं नाही.

मग त्यानेच दानाचे शब्द म्हणवून घेतले. भिक्खू वेळेत जेवले. मला चटईसकट चौघांनी उचलून बाहेर नेलं. इस्पितळातली डॉक्टरीण म्हणाली कंबर लचकली आहे, पडून राहा. एकूण कार्यक्रमाचा लोकांवर खोल परिणाम झाला, हे नाकारता येणार नाही.

२१ जुलै
खरंच झाला. सकाळपासून रीघ. भातगिरणीवाला नवराबायको. निवृत्त मास्तर. हातात ताट, ताटात फुलं, उदबत्ती, मेणबत्ती. उंबऱ्यापासून गुडघ्यांवर येतात, माझ्यापुढे हात जोडतात, हळू आवाजात बोलतात. चम्नानसुद्धा आला! टपरी बंद करून! माझ्या पायाशी डोकं ठेवलं.

म्हणजे पद पक्कं. साइबुआला म्हटलं, बघितलंस? ती फुलं पाण्यात ठेवायला गेली.

२२ जुलै
आजही रीघ. विचित्र गोष्ट, लोक कबुल्या देतात. शेजारीण म्हणाली, कुंपणापलीकडचे तुमचे आंबे मी काढत होते हो, माफ करा. चम्नान परत आला आणि म्हणाला, दादा, काल धीर झाला नाही. तुम्हाला मी आधीच्या गिऱ्हाइकाच्या चोथ्याची कॉफी द्यायचो, मनात ठेवू नका. अधिकारी माणसापुढे पापं आपोआप बाहेर येतात, कचेरीतही असंच व्हायचं. सध्या सगळ्यांना माफ केलं. बरा झालो की चम्नानची चौकशी लावणार.

२३ जुलै
सकाळी नोंगयाव आली. तीही ताट घेऊन. माझ्या ब्लडप्रेशरचे आकडे न बघताच लिहायची म्हणे. आणि रडायला लागली. मी विचारलं, अगं, रडतेस काय? तर म्हणाली, दादा, तुम्हीच तर गावभर सांगत होतात ना, ज्याला उठता येत नाही तो थोड्या दिवसांचा सोबती. त्या दिवशी सगळ्यांनी बघितलं. तुम्हाला शून्य मिळालं. माणूस जायच्या आधी त्याची क्षमा मागून घ्यावी, नाहीतर पुढच्या जन्मी देणं राहतं.

डॉक्टरीण काय म्हणाली ते तिला सांगितलं. तिने डोळे पुसले आणि मान हलवली. मरणाऱ्याच्या बोलण्यावर आपण कशी हलवतो, तशी.

दुपार. साइबुआ आणि थोंगपुनदादा एकत्र आत आले. मध्ये एकच ताट. म्हटलं, तुला तर माहीत आहे ना मी मरत नाहीये? साइबुआ म्हणाली, माहीत आहे हो, पण तुम्ही असे गप्प पडून ऐकाल, ही वेळ पुन्हा यायची नाही.

आधी थोंगपुनदादा बोलला. म्हणाला, प्रयोंग, मी थकलो-बिकलो काही नव्हतो. खोटं बोललो. विहारात खोटं बोललो, ते खटकतंय.

मग साइबुआ. मे महिन्यात ही भंतेंकडे गेली होती. म्हणाली, हे घरात काय, टपरीवर काय, दिवसभर कोण कधी मरणार एवढंच बोलतात, मला भीती वाटते, यांना माणसांत आणणारं काहीतरी काम द्या. भंतेंनी थोंगपुनदादाला विचारलं, एक वर्षावास बाजूला होतोस का. तो हो म्हणाला. लगेच हो म्हणाला.

विचारलं, आणखी कोणाला ठाऊक होतं? दोघं एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी साइबुआ म्हणाली, कल्पना चम्नानची. त्यालाच रोज ऐकावं लागायचं.

वर्षावास परवाच सुरू झाला. वंदना थोंगपुनदादा म्हणवून घेतो आहे. हेही आत्ताच कळलं.

दोघं ताट पुढे धरून, हात जोडून वाट बघत बसले. क्षमा मागायला आलेल्याला मरणाऱ्याने नाही म्हणायचं नसतं. मी मरत नव्हतो, तरी माफ केलं म्हणालो. मग भिंतीकडे तोंड फिरवायला गेलो. फिरवता येईना, तेव्हा साइबुआने फिरवून दिलं.